काबू देलगाडूची बीबी

१८ जून

मला न विचारता संघपालनं कामाची मुदत वाढवली. आणखी एक साल. फोनवर सांगतो काय, "आजी, साहेबानं विचारलं, मी हाव म्हणलं." साहेबानं विचारलं की हाव. आजी कवाधरनं विचारून राहिली, कधी येतो रे, तर म्हणं बघू. जमिनीखालचं पाणी हुडकणाऱ्याला जमिनीवर बसलेली म्हातारी दिसत न्हाई.

आता जयभीम. खरं म्हणजे आधी लिहायचं असतं, पण राग पुढं पळाला.

मी पार्वतीबाई, राहणार देगलूर. माझ्या बापानं छप्पन सालानंतर घरातले देव नदीत सोडले, पण माझं नाव बदलायचं त्याच्या ध्यानात आलं तवर मला हाक ओळखायची सवय लागली होती. म्हणून मी बौद्धाच्या घरातली पार्वती. शाळेत गेले न्हाई. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गाला बसले तेवढंच. लिहायला समीक्षानं लावलं. समीक्षा माझी नात, नांदेडला नर्सिंग शिकती. म्हणाली, "आजी, तू बोललीस की भांडण होतं. आधी लिहून काढत जा, उरलं तर बोल."

संघपाल तिचा मोठा भाऊ. समीक्षाच्या वेळच्या बाळंतपणात दोघांची आई गेली. बाप म्हणजे माझा लेक आनंदराज, लातूरला एसटीच्या डेपोत मिस्त्री हाय. त्यानं दुसरं घर केलं आन् ही दोन इथं आणून सोडली. सोडली ती सोडली. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या साली संघपाल बापाला भेटायला गेला, आन् बोअरच्या गाडीवर कामाला लागून आला. तिथून हैदराबादची कंपनी, तिथून आफ्रिका. देश मोजांबिक. त्यातल्या प्रांताचं नाव काबो देल्गादो. माझ्या तोंडात ते काबू देलगाडू बसलं. शेजारची गौरम्मा म्हणती, "ज्याच्या नावातच काबू हाय, तिथं गेलेलं पोरगं तुमच्या काबूत कसं राहील?"

७ जुलै

आज ऐतवार, त्याचा फोन. मी म्हणलं, राहायचंच हाय तर मला त्या मुलखाची पुरती खबर दे. माझं माणूस कुठं हाय ते मला डोळ्यापुढं यायला पाहिजे.

"वरच्या अंगाला रोवुमा नदी हाय आजी. तिच्या पल्याड दुसरा देश. खालच्या अंगाला लुरियो नदी, तिथं प्रांत संपला. उगवतीला समुद्र."

"समुद्र केवढा?"

"लेंडी धरण बघितलंस ना?"

"ते अजून बांधूनच राहिले की."

"तर मग तू अंदाज नको करू," म्हणला आन् हसला. पाणी लई निळं म्हणे. भांड्यांच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या बादलीसारखं. आन् गोरखचिंचेची झाडं, एकेकाचा बुंधा आपल्या घराएवढा. पोरं तिचं आंबट फळ चोखत हिंडतात.

माणसं तिथं एका जातीची न्हाईत. मी जात म्हणलं तर मला म्हणला, जात न्हाई आजी, लोक म्हण. डोंगरपठारावर मकोंदे. लाकडातून माणसं कोरून काढतात, आन् त्यांच्या जुन्या बायांच्या तोंडावर चिरून काढलेली नक्षी असती. आपल्या गोंदणासारखी, पण खोल. खालच्या मुलखात मकुवा. त्यांच्या बाया झाडाचं लाकूड उगाळून तोंडाला पांढराफटक लेप लावतात. मी म्हणलं, पिठाच्या गिरणीत कामाला असल्यासारख्या दिसत असतील. किनाऱ्यावर म्वानी. नावाचा अर्थच किनाऱ्याची माणसं. मुसलमान हायत, मासे धरतात, होड्या बांधतात. ह्यांची भाषा त्यांना येत न्हाई, त्यांची ह्यांना अर्धी येती, आन् बाजारात सगळे सगळ्यांशी बोलतात.

मी म्हणलं, मग हे देगलूरच झालं की. इकडं तेलगू, तिकडं कानडी, गल्लीत मुसलमानांची दखनी, घरात मराठी. फक्त समुद्र लागला.

"हाव आजी. म्हणूनच करमतं."

करमतं म्हणला. हे मला आवडलं न्हाई.

२१ जुलै

आज राजे-रजवाड्याचं विचारलं. तिथं पोर्तुगालचं राज्य होतं, शेकडो वरसं. आपला निजाम त्यांच्यापुढं भाडेकरू. समुद्रात इबो नावाचं बेट हाय, तिथं त्यांचा किल्ला. माणसं धरून आणायचे, किल्ल्यात कोंडायचे आन् जहाजात भरून विकायचे. मी विचारलं, कोणत्या लोकांना? म्हणला, जे हाताला लागतील ते. त्यात भेदभाव नव्हता.

आपला आनंदराज पाळण्यात होता त्या सुमाराला ते राज्य उठलं. पण कचेरीत अजून पोर्तुगालचीच भाषा. मी म्हणलं, असंच असतं. माझ्या सासऱ्याच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत होते. जमीन आमची आन् वाचणारा दुसरा.

आता उत्तरेकडं हत्यारवाले निघालेत. गावं जाळतात. माणसं गाठोडी घेऊन खाली पळून आली, त्यांच्या छावण्या पडल्यात. त्या छावण्यांत संघपालची गाडी बोअर पाडती. तिथं उलटंच हाय म्हणे. आपल्याकडं खोल गेलं तर धुराळा निघतो, तिथं किनाऱ्याला खोल गेलं तर खारं लागतं. "कुठं थांबायचं ते कळलं पाहिजे आजी."

मी विचारलं, "रझाकाराचं भ्या न्हाई का तुला?"

"आम्ही लांब हाव. मेकूफीला. पेंबा शहराच्या खाली. इकडं काही न्हाई."

इकडं काही न्हाई म्हणणारा पोरगा काहीतरी लपवत असतो. हे मी त्याच्या बापापासून शिकले.

११ ऑगस्ट

आज फोनवर ऐकलं ते लगेच लिहिते.

फोन चालू होता. उमरीच्या मुलीची गोष्ट काढली होती. मंजुश्री नाव, डी.एड. झालेली, घर चांगलं. मी त्यांना शब्द दिलाय की दिवाळीनंतर पोरगं येईल आन् बघून जाईल. तेवढ्यात त्याच्या मागं कोणतरी ओरडलं, "बीबी! बीबी!" आन् एक बाई काहीतरी बोलली.

मी म्हणलं, "कोण बीबी?"

"घरची बीबी हाय आजी."

"कोणाच्या घरची?"

"आम्ही राहतो त्या घरची. तिच्याच हातचं खातो की आता. मेसचं जेवण सोडून दिलं."

मी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला. त्याला वाटलं मी ऐकून राहिले, तर पुढं सांगत सुटला. बीबीला डोळ्यानं नीट दिसत न्हाई. बीबीला मोरीपर्यंत तोच हाताला धरून नेतो. कामावरून आला की तिचे पाय चेपून देतो, मग ती गाणं म्हणती.

पाय चेपतो! माझे पाय त्यानं जन्मात चेपले न्हाईत. "आजी, तुझ्या तळपायानं हाताला गुदगुल्या होतात" म्हणून पळायचा.

मी म्हणलं, "असली बीबी मला चालायची न्हाई." त्याला ऐकू गेलं का न्हाई कोण जाणे. तो म्हणला, "बोलतीस का तिच्याशी? तिला लई हौस हाय तुला भेटायची." मी फोन बंद केला.

देगलूरमध्ये जन्म गेला माझा. बीबी कोणाला म्हणतात मला कोणी शिकवू नये. लगीन करून बसलाय. म्हणून मुदत वाढवली. म्हणून करमतं.

१२ ऑगस्ट

गौरम्माला सांगितलं. ती लिंगायताची, किराणा दुकान त्यांचं, माहेर औरादकडचं कानडी. म्हणाली, "मुसलमानीण केली म्हणून वाईट वाटलं का?"

मी म्हणलं, वाईट त्याचं न्हाई. गल्लीतल्या फातिमाआपाच्या हातचा शीरखुर्मा खाऊन आम्ही मोठे झालो. मला न विचारता केलं त्याचं हाय. आन् केली तर केली, आंधळी केली.

"पार्वताबाई, एकदा नीट विचारा तरी."

"पाय चेपतो म्हणला. आणखी काय विचारू? चहा कोण करतं?"

१ सप्टेंबर

ऐतवारी फोन वाजतो. मी उशीवर पालथा घालून ठेवते. वाजून वाजून दमतो. बोअरची गाडी चालवणारा हाय, दमायला वेळ लागतो.

८ सप्टेंबर

उमरीला जाऊन आले. गौरम्माला सोबत घेतलं. मंजुश्रीच्या बापाच्या पुढ्यात बसून सांगितलं, आमच्या पोरानं तिकडं केलं, तुमची मुलगी मोकळी. चांगली माणसं. शिव्या दिल्या न्हाईत. पोहे दिले. शिव्या दिल्या असत्या तर घशाखाली उतरले असते.

परतताना गाडीत गौरम्मा एक शब्द बोलली न्हाई. मी म्हणलं, "बोल की आता, दुकानात तर तुझं तोंड बंद होत न्हाई." म्हणाली, "दुसऱ्याच्या नातवाचं लगीन मोडताना बघितलं, म्हणून गप हाय."

१४ ऑक्टोबर

धम्मचक्राचा दिवस. समीक्षा आली. विहारात वंदना झाली, खीर झाली. घरी आल्यावर तिनं मला खाटेवर बसवलं आन् आपण खाली बसली. नर्सिंगवाल्या वाईट खबर सांगताना अशा बसतात.

"आजी, दादाशी मी बोलते. बीबी म्हणजे त्याची बायको न्हाई. म्हातारी हाय ती. तुझ्यापेक्षा म्हातारी. त्यांच्या भाषेत आजीला बीबी म्हणतात."

मी म्हणलं, "वा. आता बायकोलाच आजी करून टाकलं."

"आजी, फोटो दाखवू का?"

"फोटो दाखवशील तर ह्या घरात पाय ठेवू नको. कोण्यातरी म्हातारीला पुढं बसवून फोटो काढायला काय लागतं? तू भावाची वकील हायस."

पोरगी रडली. उठून भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी होती.

गौरम्मा खीर न्यायला आली होती, तिनं सगळं ऐकलं. दारातूनच म्हणाली, "माझी नातवंडं मला काय म्हणतात?"

"आयी म्हणतात."

"आन् तुमच्यात आई म्हणजे कोण? मग मी त्यांना जन्म दिला का पार्वताबाई? आमच्यात आजीला आयी म्हणतात, आजोबाला मुत्या. मधी फक्त एक भिंत हाय तुमच्या-माझ्या घरात, तरी शब्द फिरला. तिथं तर मधी समुद्र हाय."

मी तिला म्हणलं, खीर सांडून राहिली, घरी जा.

कानडीचं कानडीत. मला दखनी कळती.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. तो आला न्हाई. मी बोलावलंही न्हाई. समीक्षाच्या फोनवर विचारतो म्हणे, आजीचे गुडघे कसे हायत. मी म्हणलं, सांग, गुडघे जागेवर हायत, तुझी अक्कल कुठं हाय ते बघ.

तिनं ते सांगितलं का न्हाई माहीत न्हाई.

६ डिसेंबर

सकाळी विहारात मेणबत्त्या लावल्या. दरवरसी संघपाल माझी मेणबत्ती लावून द्यायचा, माझ्या हातानं वारा अडत न्हाई. यंदा कोण्या बाईनं लावून दिली.

घरी आले तर फोन वाजत होता. आज ऐतवार न्हाई, तरी त्याचाच. खुर्चीवर बसून बघत राहिले. आज उचलावं असं वाटलं. मग वाटलं, लगेच उचलला तर त्याला वाटेल म्हातारी नरमली. हा ऐतवार जाऊ दे, त्याच्या पुढच्या ऐतवारी उचलीन. आधी दोन शिव्या देईन, मग त्या बीबीला फोन द्यायला लावीन. बघू तरी आवाज कसा हाय.

१७ डिसेंबर

आनंदराज लातूरहून आला. कामाच्या कपड्यावर, हाताला ग्रीस तसंच. मागून समीक्षा आली. दोघं एका वेळेला माझ्या दारात कधी आले न्हाईत, म्हणून मी विचारलं, "कोण गेलं?"

ऐतवारी सकाळी तिथं समुद्रावरून वादळ आलं. मेकूफीवरूनच गेलं. संघपाल गेला.

ऐतवारी मी फोन सरळ करून ठेवला होता.

२१ डिसेंबर

माणसं येतात, बसतात, जातात. कोणी विचारतं, आणणार कधी. आनंदराज बाहेर उभा राहून सांगतो, रस्ते बंद हायत, फोन लागत न्हाई. मला कोणी काही विचारत न्हाई. मी सगळ्यांना चहा देते. गौरम्मानं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, मी परत घेतलं.

समीक्षा म्हणाली, आजी रड. मी म्हणलं, तुझ्या पुस्तकात लिहिलंय का कधी रडायचं ते?

२९ डिसेंबर

कंपनीच्या साहेबाचा फोन आला, आनंदराजनं घेतला. तिथल्या लोकांनी संघपालला पुरलं. वाट न्हाई, वीज न्हाई, बर्फ न्हाई, ठेवणार कुठं. गावात बाकीची माणसंही गेली, सगळ्यांना ओळीनं पुरलं, त्यांच्यातच त्याला.

आनंदराज ओरडला, "आम्ही जाळतो! विचारलं का आम्हाला?"

मी आतून ऐकून राहिले होते. आम्ही जाळतो, हे खरं. पण माझ्या बापाला पुरलंच होतं, ओढ्याच्या काठाला. आधी आमच्यात पुरायचेच. जाळायचं मागून आलं. मी बोलले न्हाई. लेकाला त्या वेळेला कोणावर तरी ओरडायचं होतं.

१२ जानेवारी

व्यंकटी आला. तो देगलूरचाच, तेलगू माणूस, संघपालबरोबर गाडीवर कामाला होता. गळ्याचं हाड मोडलंय, हात झोळीत. माझ्या पुढ्यात जमिनीवर बसला आन् "अम्मा, अम्मा" म्हणून रडला. मी म्हणलं, आधी पाणी पी, मग सांग. अर्धं सांगू नको.

त्यानं सांगितलं. पहाटेपासून वारा होता. पत्रे उडायला लागले तवा संघपालनं बीबीला पाठीवर घेतलं. शाळेची इमारत पक्की, तिथं नेऊन बसवलं. बीबी त्याला धरून म्हणाली, माझी शेळी बांधलेली राहिली, दोरी कोणी सोडली न्हाई. तो म्हणला, आणतो. माड अंगावर पडला.

"शेळी?"

"शेळी जिती हाय अम्मा."

मी विचारलं, ती बीबी वयानं केवढी?

व्यंकटीनं झोळीतला हात सावरला. "म्हातारी हाय अम्मा. दात न्हाईत. तिचा नातू होडीवर गेला तो आलाच न्हाई, म्हणून आमच्या खोलीचं भाडं घ्यायची पण जेवण फुकट घालायची. तिथं आजीला बीबीच म्हणतात. आम्ही सगळे म्हणायचो. सवय लागून गेली. तुम्हाला माहीत न्हाई का?"

समीक्षा दारात उभी होती.  'सांगितलं होतं ना' म्हणून तिनं ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी

समीक्षा म्हणती, आजी, चुकलं असं लिही, हलकं वाटेल.

लिहीत न्हाई. हलकं कोणाला पाहिजे?

१४ जानेवारी

मीच गौरम्माच्या दारात गेले. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं तिच्याकडं, बाया भरल्या होत्या, मी बाहेर उभी राहिले. ती उठून आली. मी म्हणलं, "आयी म्हणजे आजी." ती म्हणाली, "हाव." एवढंच. मग तिनं मला मागच्या दारानं आत नेलं आन् धान्याच्या पोत्यावर बसवून ठेवलं, बाया जाईपर्यंत. तिथं मला रडू आलं. तुरीच्या पोत्यावर. कोणी बघितलं न्हाई, आन् समीक्षाला सांगायचं न्हाई.

१९ जानेवारी

व्यंकटीला बोलावलं. म्हणलं, त्या बाईला फोन लाव. त्यानं तिथल्या कोण्या पोरीला लावला, पोरीनं बीबीला दिला.

आधी नुसता श्वास ऐकू येत होता, म्हातारीचा. तसा माझाही येतो. मग ती काहीतरी बोलली.

व्यंकटी म्हणला, "ती विचारती, तुमची तब्येत आता कशी हाय?"

"माझ्या तब्येतीला काय झालं?"

व्यंकटी खाली बघायला लागला. "अम्मा, तुम्ही फोन घेत नव्हता ना. तर संघपालनं तिला सांगितलं होतं, आजी आजारी हाय, घसा बसलाय, डॉक्टरनं बोलू नको म्हणलंय. ती तुमच्यासाठी दुवा मागायची."

मी म्हणलं, "सांग तिला, हाव, आजारी होते."

ती बोलली. "आता बरी हायस का विचारती."

"बरी हाय म्हण."

मग ती म्हणाली, चाळिसाव्याचं जेवण घालायचं हाय, गावातल्या सगळ्या गेलेल्यांचं एकत्र. त्याला काय आवडायचं ते सांग. मी म्हणलं, उडदाचं घुटं. व्यंकटीनं उलगडून सांगितलं तर ती तिकडून हसली, खरंच हसली. म्हणाली, उडीद मिळत न्हाई इकडं. तो मूग आणून शिजवायचा, लसूण जाळायचा, आन् खाऊन म्हणायचा, हे ते न्हाई. रोज करायचा आन् रोज म्हणायचा, हे ते न्हाई.

मी तिला सांगितलं की लसूण आधी ठेचायचा असतो, तो आळशी हाय, अख्खा टाकत असेल. ती म्हणाली, हाव, अख्खाच टाकायचा.

मग ती रडायला लागली. व्यंकटी सांगायला लागला ती काय म्हणून राहिली. मी म्हणलं, हे नको सांगू, हे कळलं.

२३ जानेवारी

साहेबाचा परत फोन. आता रस्ते उघडलेत. तिथल्या सरकारची परवानगी निघती. घरच्यांनी सांगावं, काढून पाठवायचं का राहू द्यायचं. सोमवारी फोन करीन म्हणला, तेवढ्यात ठरवा.

आनंदराज आलाय, डेपोतून रजा टाकून. म्हणतो, आणायचं. समाज काय म्हणेल? बापानं लेकराला परमुलखात सोडलं म्हणेल.

मी म्हणलं, "सोडलं ते इथंच सोडलं होतंस, ह्या खाटेवर. तवा समाज काही म्हणला न्हाई."

बोलल्यावर वाटलं, हे लिहून काढायला पाहिजे होतं. त्याचं तोंड बारक्या पोरासारखं झालं. उठून मोरीत गेला, लई वेळ हात धूत राहिला. ग्रीस तर कवाच निघालं होतं.

२५ जानेवारी

मला तो इथं पाहिजे. हे कोणाला सांगितलं न्हाई, इथं लिहिते. लिंबाजीला म्हणजे माझ्या नवऱ्याला जाळलं ती जागा माझ्या चालण्यातली हाय. गुडघे दुखले तरी जाऊन बसता येतं. तिथं संघपालचं काही असलं तर मला जायला जागा होईल. आता माझ्याकडं जायला जागाच न्हाई. उशीवरचा फोन तेवढा हाय.

व्यंकटीला विचारलं, ती जागा कशी हाय? म्हणला, गोरखचिंचेच्या पल्याड, वाळू हाय, समुद्राचा आवाज येतो. तिथं मकुवा हायत, म्वानी हायत, पठारावरून पळून आलेले मकोंदे हायत. वादळानं निवडलं न्हाई. माणसांनीही मग निवडलं न्हाई. बीबी एका पोरीचा हात धरून जाती. कोणाची माती कुठली हे दिसत न्हाई तिला, तरी संघपालपाशी बरोबर थांबती म्हणे.

मी विचारलं, "तिनं काही सांगितलं का? काढू नका असं?"

"न्हाई अम्मा. ती म्हणती, तुझा हाय, तू सांग."

म्हणजे तिनं माझ्यावर सोडलं. मी जिचा आवाज ऐकायचा म्हणून शिव्या जमवून बसले होते, तिनं.

२६ जानेवारी

उद्या साहेबाचा फोन येईल, म्हणून आजच लिहून ठेवते. समीक्षानं हे आनंदराजला वाचून दाखवायचं. मी तोंडानं सांगितलं तर भांडण होईल.

जन्मभर ह्या घरातली उत्तरं मी दिली. आनंदराजच्या वतीनं दिली, पोरांच्या आईच्या मैतावर दिली, उमरीला जाऊनही मीच दिलं. विचारायच्या आधी दिलं. म्हणून आता मी देणार न्हाई. मला काय पाहिजे ते मला माहीत हाय, पण संघपालनं शेवटचं साल कोणाजवळ काढायचं ते स्वतः ठरवलं होतं, आन् मी तेवढं मोडायला निघाले होते.

आनंदराज, तूही देणार न्हाईस. तुला रडायचं असेल तर इथं राहा, परत लातूरला जायची घाई करू नको. तुझी खाट घातलीय.

फोन वाजला की समीक्षानं उचलायचा. व्यंकटीला शेजारी बसवायचं. साहेबाला म्हणायचं, आमच्या घरातून उत्तर येणार न्हाई, गाडी घेऊन मेकूफीला जा, बीबीच्या पुढ्यात बसून तिच्या भाषेत विचार. ती काढा म्हणाली तर काढा, राहू द्या म्हणाली तर हात लावू नका. 'तू सांग' असं ती परत म्हणाली, तर तिला सांगायचं, पार्वतीनं तुलाच विचारलंय. उत्तर बीबीनंच द्यायचं.